डोळ्याचा मेलेनोमा: बातम्या नव्या उपचारांच्या, पण रुग्णाचे आयुष्य ठरते कशावर?

गेल्या काही वर्षांत डोळ्याच्या कर्करोगाबद्दल बऱ्याच बातम्या आल्या. २०२० मध्ये मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ ची किरणोत्सर्गी चकती देशातच तयार केली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेबेंटाफस्प या औषधाला मान्यता मिळाली. डोळ्याच्या मेलेनोमाचा आजार पसरल्यानंतरही आयुष्य वाढते, हे मोठ्या चाचणीत सिद्ध करणारे ते पहिले औषध. ऑगस्ट २०२३ मध्ये थेट यकृतात केमोथेरपी देण्याच्या एका पद्धतीला तिथेच मान्यता मिळाली. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये नागपूरजवळ जामठा येथे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली.

या बातम्या वाचून रुग्णाचे नातेवाईक साहजिकच विचारतात, "मग आता आमच्या माणसाला यातलं काय मिळेल? तो वाचेल ना?" वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) सारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर बातम्यांपेक्षा वेगळे निघते. या लेखात ते नीट समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचे तर:

- रुग्ण किती जगेल हे मुख्यतः निदानाच्या वेळचा गाठीचा आकार, गाठीची जागा आणि गाठीच्या पेशींतील जनुकीय बदल यांवर ठरते.
- मध्यम आकाराच्या गाठीत डोळा काढला काय किंवा किरणोपचाराने वाचवला काय, आयुष्यमानात फरक पडत नाही.
- नवी औषधे खरोखर उपयोगी आहेत. पण ती ठरावीक रुग्णांनाच लागू पडतात आणि मिळणारा फायदा मर्यादित आहे.
- यांपैकी आपल्या हातात असलेली मुख्य गोष्ट म्हणजे वेळ.

हा आजार नेमका कोणता?

मेलेनोमा म्हटले की बहुतेकांना त्वचेचा कर्करोग आठवतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी डोळ्याच्या आतही असतात आणि तिथेही त्यांचा कर्करोग होऊ शकतो. प्रौढांमध्ये डोळ्याच्या आत सुरू होणाऱ्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. (लहान मुलांच्या डोळ्यात होणारा रेटिनोब्लास्टोमा हा पूर्णपणे वेगळा आजार आहे. त्याचे नियम इथे लागू नाहीत.)

ही गाठ तीन ठिकाणी होऊ शकते: डोळ्याच्या रंगीत भागात म्हणजे आयरिसमध्ये, त्यामागच्या सिलिअरी बॉडीमध्ये, किंवा रेटिनाच्या मागे असलेल्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरात. बहुसंख्य गाठी कोरॉइडमध्ये असतात, म्हणजे आरशात पाहून किंवा टॉर्चच्या उजेडात त्या दिसत नाहीत. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासला, तरच त्या सापडतात.

डोळा सहसा दुखत नाही. एका डोळ्याने अंधुक दिसणे, नजरेच्या एका बाजूला सावली किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, उजेडाचे चमकारे, सरळ रेषा वाकडी दिसणे, एवढीच लक्षणे असतात. अनेकांना तेवढेही जाणवत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवून नेतो.

दुर्मीळ आहे, आणि अडचण तिथेच आहे

युरोप-अमेरिकेत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला पाच-सहा नवे रुग्ण आढळतात. गोऱ्या त्वचेच्या आणि निळ्या-घाऱ्या डोळ्यांच्या लोकांत तो जास्त होतो. आशियाई लोकांत हे प्रमाण दहा लाखांमागे एकाहूनही कमी आहे.

याचा हिशोब मांडून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम एखादा नवा रुग्ण. गावातल्या डॉक्टरांनी आयुष्यभरात असा एकही रुग्ण पाहिला नसेल, तर त्यात नवल नाही. त्यामुळे डोळ्याने अंधुक दिसते म्हटल्यावर आधी चष्मा, मग मोतीबिंदू, मग "साखरेमुळे पडदा खराब झाला" असाच विचार होतो. शंभरात नव्याण्णव वेळा तो बरोबरही असतो. मात्र राहिलेल्या त्या एका रुग्णाचे महिने याच वाटेवर जातात.

भारतातील मोठ्या नेत्र संस्थांच्या नोंदींतून आणखी दोन गोष्टी दिसतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या आसपास आढळतो, तर आपल्याकडे त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी, म्हणजे घर चालवणाऱ्या वयात. आणि आपले रुग्ण बऱ्याचदा गाठ मोठी झाल्यावर तज्ज्ञांपर्यंत पोहोचतात. दुसरी गोष्ट आयुष्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

पहिला घटक: गाठीचा आकार

या आजारावरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ८,०३३ रुग्णांच्या डोळ्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठीची जाडी आणि दहा वर्षांत आजार शरीरात पसरण्याचा धोका यांचे नाते त्यात असे आढळले:

- ३ मिलिमीटरपर्यंत जाडी: सुमारे १२ टक्के
- ३ ते ८ मिलिमीटर: सुमारे २६ टक्के
- ८ मिलिमीटरपेक्षा जास्त: सुमारे ४९ टक्के

जाडी एक मिलिमीटरने वाढली की धोका साधारण पाच टक्क्यांनी वाढतो, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. हे आकडे पाश्चात्त्य रुग्णांचे आहेत आणि ते समूहाचे आहेत, एका व्यक्तीचे भविष्य नव्हे. तरी दिशा स्पष्ट आहे.

इथे एक शंका रास्त आहे. आजार लवकर कळला म्हणून फक्त निदानानंतरची वर्षे जास्त मोजली जातात, असे तर नाही? काही प्रमाणात तसे होते. शिवाय काही रुग्णांत गाठ लहान असतानाच सूक्ष्म पेशी रक्तातून बाहेर पडलेल्या असतात. अशांचा धोका लवकर उपचाराने पूर्ण जात नाही. तरीही गाठ वाढत जाते तसे तिच्या पेशींत घातक जनुकीय बदल सापडण्याचे प्रमाण वाढते. म्हणून तज्ज्ञ आज लहान गाठीवरही, ती वाढते आहे असे दिसताच, उपचार करण्याकडे झुकतात.

दुसरा घटक: गाठीची जागा

आयरिसमधली गाठ डोळ्याच्या पुढच्या भागात असल्याने लवकर दिसते आणि तिचे परिणाम सर्वांत चांगले असतात. सिलिअरी बॉडीमधली गाठ आयरिसच्या आड लपलेली असते. ती उशिरा सापडते आणि पसरण्याचा धोकाही जास्त असतो. कोरॉइडमधली गाठ या दोन्हींच्या मधे येते. गाठ डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून बाहेर आली असेल तर धोका वाढतो.

वयही महत्त्वाचे आहे. वय जास्त तसे परिणाम थोडे कमी चांगले. डोळ्याभोवतीच्या त्वचेवर आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जन्मापासून निळसर-राखाडी डाग असेल (याला 'नीव्हस ऑफ ओटा' म्हणतात), तर त्या डोळ्यात मेलेनोमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते आणि झाल्यास तो पसरण्याचा धोकाही जवळजवळ दुप्पट असतो. असा डाग आशियाई लोकांत तुलनेने जास्त आढळतो. डाग असलेल्या बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही. पण त्यांनी वर्षातून एकदा थेंब टाकून डोळा तपासून घ्यावा.

तिसरा घटक: गाठीच्या पेशींतील जनुके

सारख्याच आकाराच्या गाठी असलेल्या दोन रुग्णांपैकी एक वीस वर्षे ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याचे यकृत तीन वर्षांत आजाराने व्यापते, असे का होते? याचे उत्तर १९९० च्या दशकात मिळू लागले. ज्या गाठींच्या पेशींत तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत हरवलेली असते, त्या पसरण्याची शक्यता खूप जास्त असते. याला 'मोनोसोमी ३' म्हणतात. २०१० मध्ये त्याच गुणसूत्रावरील 'बॅप-१' हे जनुक बिघडणे हे पसरणाऱ्या गाठींचे मुख्य लक्षण असल्याचे दिसले.

अमेरिकेत गाठीच्या पेशींची जनुकीय चाचणी करून रुग्णांचे गट पाडतात. पहिल्या गटात (१-ए) पाच वर्षांत आजार पसरण्याचा धोका सुमारे २ टक्के, मधल्या गटात (१-बी) सुमारे २१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ७२ टक्के असतो. आकार आणि जागा यांवरून बांधलेला अंदाज या चाचणीने बराच अचूक होतो.

आपल्याकडे ही महागडी चाचणी सर्वत्र होत नाही. पण डोळा काढावा लागला असेल, तर त्याच गाठीच्या नमुन्यावर 'बॅप-१ इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री' ही तुलनेने स्वस्त तपासणी मोठ्या पॅथॉलॉजी विभागांत करता येते. त्यात पेशींच्या केंद्रात बॅप-१ दिसले नाही, तर धोका जास्त समजतात. म्हणून काढलेल्या डोळ्याचा तपशीलवार पॅथॉलॉजी अहवाल मागून घ्या आणि नमुन्याचा मेणाचा ठोकळा (पॅराफिन ब्लॉक) सुरक्षित ठेवायला सांगा. पुढे वर्षभराने एखादी चाचणी करायची ठरली, तर तोच ठोकळा लागतो.

डोळा काढायचा की वाचवायचा?

घरात सर्वांत जास्त रडारड या प्रश्नावर होते. कोणी म्हणते, "डोळा काढला की माणूस गेलाच समजा." कोणी म्हणते, "डोळा वाचवायच्या नादात जीव जाईल." दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि हे फार चांगल्या पुराव्याने सांगता येते.

अमेरिका आणि कॅनडात झालेल्या 'कोम्स' या चाचणीत मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १,३१७ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटात डोळा काढला, दुसऱ्यात किरणोत्सर्गी चकती लावून तो वाचवला. बारा वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या थोडे वर होते. यात इतर कारणांनी झालेले मृत्यूही धरलेले आहेत.

याचा अर्थ असा की आपल्यासमोरची निवड जीव की डोळा अशी नसते. डोळ्यावरचा उपचार, मग तो कोणताही असो, गाठ तिथल्या तिथे संपवतो. त्याआधी रक्तातून निसटलेल्या पेशी असतील, तर त्यांचे पुढे काय होईल हे त्या उपचारावर ठरत नाही.

मग निवड कशी करायची? गाठ फार मोठी असेल, दृष्टी पूर्ण गेली असेल, किंवा गाठ डोळ्याच्या नसेभोवती पसरली असेल, तर डोळा काढणे हाच सरळ आणि सुरक्षित मार्ग असतो. जखम भरल्यावर सुमारे दीड-दोन महिन्यांनी कृत्रिम डोळा बसवता येतो आणि बहुतेकांना तो सहज ओळखूही येत नाही. गाठ लहान किंवा मध्यम असेल, तर चकती लावून डोळा वाचवता येतो. पण वाचलेल्या डोळ्याची नजर टिकेलच असे नाही. कोम्समध्ये चकती लावलेल्या सुमारे ४३ टक्के रुग्णांची त्या डोळ्याची दृष्टी तीन वर्षांत खूप खालावली होती. शिवाय चकतीनंतर पाच वर्षांत सुमारे दहापैकी एका रुग्णात उपचार अपुरा ठरतो. म्हणून डोळा वाचवल्यावर तपासणीला न चुकता जाणे हा उपचाराचाच भाग आहे.

ट्रॉम्बेची चकती कोणाच्या उपयोगाची?

चकती म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ असलेली लहानशी वाटीसारखी पट्टी. शस्त्रक्रियेने ती डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, बरोबर गाठीच्या मागे शिवतात, ठरलेले दिवस ठेवतात आणि काढून घेतात. पूर्वी रुथेनियमच्या चकत्या परदेशातून आणाव्या लागत आणि त्या महाग पडत. भाभा अणु संशोधन केंद्राने अणुकचऱ्यातून वेगळे काढलेले रुथेनियम-१०६ वापरून देशी चकती बनवली. त्याआधीपासून हे केंद्र आयोडीन-१२५ चे सूक्ष्म दाणेही पुरवत आले आहे. महाराष्ट्रात तयार होणाऱ्या या साधनांमुळे देशातील अधिक केंद्रांना हा उपचार देणे परवडू शकते. ही बातमी खरोखरच चांगली होती.

पण एक गोष्ट बातमीत सहसा येत नाही. रुथेनियममधून निघणारे बीटा किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. त्यामुळे साधारण ५ ते ६ मिलिमीटर उंचीपर्यंतच्या गाठींसाठीच ही चकती योग्य असते. त्याहून उंच गाठीला आयोडीन-१२५ लागते आणि फारच मोठी असेल तर डोळा काढावा लागतो. म्हणजे स्वस्त, देशी उपचार हाताशी आला, तरी त्याचा लाभ गाठ लहान असताना पोहोचलेल्या रुग्णालाच होतो. आपल्याकडे गाठी उशिरा सापडतात, आणि नेमकी तिथेच ही चांगली बातमी अडते.

यकृतावर नजर का ठेवायची?

डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नसल्याने हा कर्करोग रक्तातून पसरतो आणि पसरलेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांत तो यकृतात जातो. निदानाच्या वेळी तपासण्यांत पसरलेला आजार दिसणारे रुग्ण फार कमी, शंभरात चारही नसतात. पण पुढच्या काळात एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत तो पसरतो, काहींत दहा-पंधरा वर्षांनीही.

प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ आणि लेखक डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांच्या डोळ्यातील मेलेनोमाचे निदान २००५ मध्ये झाले. उपचारांनंतर त्यांनी अनेक वर्षे काम केले, पुस्तके लिहिली. २०१५ च्या सुरुवातीला आजार यकृतात पसरल्याचे कळले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. या आजाराचा स्वभाव यातून कळतो: मधली वर्षे चांगली, पूर्ण आयुष्याची असू शकतात, पण "पाच वर्षे झाली, आता सुटलो" असे म्हणून तपासण्या बंद करता येत नाहीत.

धोका जास्त असलेल्या रुग्णांनी साधारण दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी. कमी धोक्याच्या रुग्णांसाठी अंतर वाढवता येते. रक्तातील यकृताच्या चाचण्या एकट्या पुरेशा नसतात, कारण गाठी असूनही त्या सुरुवातीला ठीक येऊ शकतात. यकृतात एक-दोनच लहान गाठी असताना सापडल्या, तर शस्त्रक्रिया किंवा यकृतापुरते उपचार शक्य असतात. संपूर्ण यकृत व्यापल्यावर हे मार्ग बंद होतात.

नवी औषधे: किती बदलले?

आजार पसरल्यावर आयुष्य पूर्वी सरासरी वर्षभराच्या आसपासच असे. टेबेंटाफस्पच्या चाचणीत एका वर्षानंतर ७३ टक्के रुग्ण जिवंत होते, इतर उपचार घेणाऱ्यांत ५९ टक्के. तीन वर्षांनंतर हेच आकडे २७ आणि १८ टक्के होते. या आजारात असा फरक पूर्वी कोणत्याच औषधाने दाखवला नव्हता, हे खरे. पण हा आजार मुळासकट बरा करणारा उपाय नव्हे.

त्यात आणखी एक अट आहे. हे औषध फक्त 'एचएलए-ए ०२:०१' हा ऊतींचा प्रकार असलेल्यांनाच लागू पडते. युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत तो असतो. भारतीयांत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे, कारण आपल्याकडे ए-०२ चे दुसरे उपप्रकार अधिक आहेत. म्हणून नातेवाइकांनी पैशांची जमवाजमव करण्याआधी एचएलए तपासणी करून घ्यावी. शेत विकून औषध आणायचे आणि ते लागूच पडत नाही असे कळायचे, ही वेळ कोणावर येऊ नये.

त्वचेच्या मेलेनोमात दोन इम्युनोथेरपी औषधे एकत्र दिल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आकसतात. डोळ्याच्या मेलेनोमात तीच औषधे पाचांतील एकालाही क्वचितच तेवढी लागू पडतात. त्यामुळे "मेलेनोमाचं नवं इंजेक्शन आलंय" असे कोणी सांगितले, तर ते त्वचेच्या मेलेनोमाचे की डोळ्याच्या, हे आधी विचारा. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या पद्धतीत यकृताचा रक्तप्रवाह काही वेळ वेगळा करून मेल्फलान हे औषध थेट तिथे देतात. यकृतातल्या गाठी आकसायला ती उपयोगी ठरली आहे. पण त्यासाठी विशेष सामग्री आणि प्रशिक्षित चमू लागतो.

डोळ्यावरचा उपचार झाल्यावर, आजार पसरू नये म्हणून देण्याचे खात्रीशीर औषध मात्र अजून सिद्ध झालेले नाही. त्यासाठीच्या चाचण्या जगात सुरू आहेत. असे औषध देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर सावध राहा. काढे, भस्मे, डोळ्यात टाकायचे मध-रस यांनी ही गाठ विरघळत नाही. फक्त महिने जातात.

आंजीहून निघणारी वाट

आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) ही दोन वैद्यकीय महाविद्यालये याच जिल्ह्यात आहेत. इतक्या जवळ नेत्रविभाग असलेली गावे राज्यात फार नाहीत. म्हणजे इथल्या रुग्णाला डोळ्याचा पडदा तपासायला मुंबईला जावे लागत नाही. तरी उशीर होतो, तो तीन ठिकाणी.

पहिला, घरात. एका डोळ्याने कमी दिसते हे कळायलाच वेळ लागतो. कळल्यावर "सोयाबीन निघू द्या", "कापूस वेचून होऊ द्या" असे होते. ही गाठ सहसा दिवसांत नव्हे, महिन्यांत वाढते. एक-दोन आठवड्यांनी आकाश कोसळत नाही. पण एक हंगाम गेला की चकतीने भागले असते तिथे डोळा काढावा लागू शकतो.

दुसरा, मोतीबिंदू शिबिरात. शिबिरांनी विदर्भातील हजारो लोकांना दृष्टी दिली आहे. मात्र मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल तर मागचा पडदा दिसत नाही. अशा डोळ्याची शस्त्रक्रियेआधी बी-स्कॅन सोनोग्राफी व्हायला हवी. गाठ न ओळखता डोळ्याच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पेशी बाहेर जाण्याचा धोका असतो. ही सोनोग्राफी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. प्रत्येक शिबिराने ती नियमात बसवली, तर मेलेनोमाच नव्हे, सरकलेला पडदाही वेळेत सापडेल.

तिसरा, निदानानंतर. चकतीचा उपचार सर्व कर्करोग रुग्णालयांत होत नाही. डोळ्याच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग लागतो. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय, दिल्लीच्या एम्समधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र ही त्यासाठी ओळखली जाणारी ठिकाणे. वर्धा आणि सेवाग्राम स्थानकांवरून या तिन्ही दिशांना गाड्या जातात आणि कर्करोग रुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

सरकारी कर्करोग तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांवर भर देते, आणि ते योग्यच आहे. दहा लाखांत एकाहूनही कमी जणांना होणाऱ्या आजारासाठी घरोघर तपासणी करणे शहाणपणाचे नाही. पण मधुमेहींच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायचाच असतो. तो नियम आंजीसारख्या प्रत्येक केंद्राच्या परिसरात पाळला गेला, तर वेगळा खर्च न करता या गाठीही लवकर सापडतील. जिल्हा रुग्णालयातील डे-केअर केंद्रांचा उपयोग पुढच्या टप्प्यावर आहे: हैदराबादहून परतलेल्या रुग्णाची सहा महिन्यांची यकृत तपासणी वर्ध्यातच झाली, तर तो ती चुकवणार नाही.

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते अंगीकृत रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच मिळते. राज्याबाहेर जायचे असेल, तर निघण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि जिथे जायचे त्या संस्थेच्या समाजसेवा विभागाला फोन करून विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

भेटीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरेही लिहून घ्या:

१. गाठीची जाडी आणि रुंदी किती मिलिमीटर आहे? ती नेमकी कुठे आहे?
२. या आकाराला चकती लावता येईल का? कोणती, रुथेनियमची की आयोडीनची?
३. चकती लावली तर दृष्टी किती राहण्याची शक्यता आहे?
४. गाठीच्या पेशींची जनुकीय किंवा बॅप-१ तपासणी होईल का?
५. आमच्या रुग्णाचा धोका कमी, मध्यम की जास्त?
६. यकृताची तपासणी किती महिन्यांनी, कोणती आणि किती वर्षे? ती वर्ध्यात करून अहवाल पाठवला तर चालेल का?
७. आजार पसरल्यास एचएलए तपासणी कधी करावी?

धोक्याचा आकडा ऐकायचा की नाही, हे रुग्णाने ठरवावे. काहींना तो कळल्यावर घरचे व्यवहार मार्गी लावता येतात. काहींना तो ओझे वाटतो. रुग्णाला अंधारात ठेवून नातेवाइकांनी सगळे ठरवणे मात्र टाळा. सहा-सहा महिन्यांनी तपासणीला त्यालाच जायचे आहे, आणि का जायचे हे ठाऊक नसेल तर तो एक दिवस जाणे सोडतो.

शेवटी एक साधी सवय. महिन्यातून एकदा उजवा डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचा. मग डावा झाका आणि वाचा. चष्मा असेल तर लावूनच. घरातल्या म्हाताऱ्यांनाही करायला सांगा. दोन डोळ्यांत फरक जाणवला, एका बाजूला सावली दिसली किंवा ओळी वाकड्या दिसल्या, तर आठ-पंधरा दिवसांत सेवाग्राम किंवा सावंगीच्या नेत्रविभागात जा आणि "थेंब टाकून पडदा तपासा" असे स्पष्ट सांगा. बहुतेक वेळा मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर निघेल. क्वचित गाठ निघालीच, तर ती लहान असताना सापडेल.